तीर्थाच्या तळ्यातली बाळंतीण

वनखात्यात तेहेतीस वर्षं काढली, पण वाघ पाहिला तो प्राणिसंग्रहालयात, तिकीट काढून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निवृत्त वनाधिकाऱ्याचा लेख म्हटला की वाचक उशी सरळ करून वाघाची वाट बघू लागतो. माझी नोकरी बरीचशी कुंभकोणम आणि आसपास झाली. इथे नजर जाईल तिथे भात. भात संपला की केळी, केळी संपली की गोपूर. जंगल औषधाला नाही. तरी सरकारने इथे वनखात्याची कचेरी ठेवली आहे, आणि त्या कचेरीत मी रिकामा असा कधी बसलो नाही.

देवळाची डागडुजी निघाली की गोपुराच्या कोनाड्यांतली घुबडं बेघर होतात आणि गावाला अपशकुन दिसू लागतात. भातगिरणीत नाग निघतो. बाजारात टोपलीखाली कासवं सापडतात. आणि पूर आला की कोल्लिडम, म्हणजे कावेरीचा उत्तरेकडचा रुंद फाटा, आपल्या मगरी थेट लोकांच्या दारात आणून सोडतो. त्यातल्या एका मगरीची ही हकीकत आहे. लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की शांतपणे लिहायचं. ते जमेल असं वाटत नाही.

आमच्या घराबद्दल दोन ओळी. तंजावरच्या दरबारामागे जे मराठी लोक इकडे आले आणि इथलेच झाले, त्यातले आम्ही. आमची घरातली मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे आधी गहिवरतात आणि मग हसतात. उंबऱ्याबाहेर सगळा व्यवहार तमिळमध्ये. तेव्हा पुढची बोलणी तमिळमध्ये झाली असं धरावं. तमिळ माणूस 'सर'ला 'सार' म्हणतो. आमच्या घरी सार भातावर वाढतात. मी तेहेतीस वर्षं 'राव सार' होतो.

घरात असं सांगत आले आहेत की एक पूर्वज दरबाराच्या शिकारखान्यावर कारकून होता. कोणी काय मारलं याची तो नोंद ठेवी. दरबार गेला, इंग्रज आले. त्यांनीही हिंस्र जनावर मारणाऱ्याला इनाम लावलं, म्हणजे नोंद चालूच राहिली. मग बहात्तर सालचा कायदा आला आणि एका फटक्यात तीच जनावरं सरकारी संरक्षणाखाली गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या हाताखाली एक म्हातारा गार्ड होता. तरुणपणी त्याने मगरीची कातडी मोजली होती, आणि निवृत्त होताना तो खात्याच्या हौदात वाढवलेली मगरीची पिल्लं नदीत सोडण्याआधी मोजत होता. "टेप तोच आहे, सार," तो म्हणे. वन्यजीव रक्षणाचा इतिहास मी पुष्कळ ठिकाणी वाचला. इतक्या थोडक्यात कोणी सांगितला नाही.

माझी स्वतःची नोंद इतकी स्वच्छ नाही. नोकरीच्या मधल्या वर्षांत एका गावच्या ओढ्याकाठी मगर आली. गाव घाबरलं. आम्ही जाळं टाकलं, जबड्याला दोर आवळला, डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं (डोळे झाकले की मगर बरीच शांत होते) आणि ट्रॅक्टरवर घालून तिला लांब नदीत सोडून आलो. हार घातले गेले, फोटो निघाले. रजिस्टरात मी झोकदार अक्षरात लिहिलं: 'पकडली. सुखरूप सोडली.' महिन्याभराने त्या काठाची माती काढताना गवंड्याला अंडी लागली. त्याने मला बोलावलं. मी एकेक फोडून पाहिलं. आत पूर्ण वाढलेली पिल्लं होती. दात, नखं, डोळे, सगळं. वरची माती तापून विटेसारखी घट्ट झाली होती. मगरीची पिल्लं आतून ओरडतात, आई तो आवाज ऐकून माती उकरते, तेव्हा ती बाहेर येतात. आईला मी सुखरूप सोडून आलो होतो.

ही गोष्ट कोणी मला विचारली नाही, कारण रजिस्टरात तिला रकानाच नव्हता.

निवृत्तीला अकरा महिने उरले असताना, वैशाखाच्या उन्हात, एका सकाळी सेल्वमचा फोन आला. सेल्वम माझा गार्ड. बोलणं कमी, चालणं जास्त.

"सार, तिरुप्पनंदाळच्या पुढचं गाव. तळ्यात मगर. एक शेळी गेली. आठ दिवसांवर उत्सव आहे."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्याच्या मानाने हे भाषण होतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही; त्यांना पुन्हा गर्दी नको आहे. जीप घेऊन पोचलो. शिवाचं जुनं देऊळ, समोर तळं. तळ्याच्या पूर्वेला नव्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, त्यांवर कमान, कमानीशेजारी एक शिलालेख आणि शिलालेखावर पडदा. पश्चिमेचा कोपरा मात्र जुनाच, कच्च्या मातीचा बांध आणि त्यावर केवड्याचं रान. तिथून एक पाट निघतो तो कोल्लिडमकडे जातो. मागच्या पुरात ती त्याच पाटाने आली असणार.

सेल्वमने बोट दाखवलं. केवड्याच्या सावलीत ती पडली होती. नऊ फूट तरी. आम्ही बांधावरून हळूहळू पुढे गेलो. आता यातलं साधं गणित सांगतो: मगरीला माणूस दिसला की ती पाण्याकडे पळते. पाणी म्हणजे तिचं घर. ही पाण्याकडे पळाली नाही. पोट उचलून, चारी पायांवर, तोंड उघडून ती सरळ आमच्यावर आली. मी आणि सेल्वम अशा वेगाने मागे फिरलो की माझी चप्पल आजही त्या केवड्यात असेल.

वीस पावलांवर ती थांबली, फुसफुसली आणि मागे वळून पुन्हा त्याच जागी जाऊन पडली.

"सार," सेल्वम धापा टाकत म्हणाला, "ती कशावर तरी बसली आहे."

मला ते दिसलं होतं. मातीचा उंचवटा, उकरून पुन्हा दाबल्यासारखा.   अंडी होती. म्हणजे हिला इथून हलवलं की आतली पिल्लं मेली. ते मी एकदा केलं होतं.

देवळाच्या मंडपात बैठक भरली. गावचे धर्मकर्ते, म्हणजे देवस्थानाचे विश्वस्त, खुर्चीवर. बाकी गाव जमिनीवर. धर्मकर्ते मनाने वाईट नव्हते. त्यांनी हयातीत एक मोठी गोष्ट केली होती, त्या पायऱ्या, आणि ती मोठ्या लोकांनी पाहावी एवढीच त्यांची इच्छा होती.

"राव सार, विशाखाला, वैशाखी पुनवेच्या सुमाराला, तीर्थवारी," ते म्हणाले. "देवाचं त्रिशूळ तळ्यात बुडवायचं आणि त्याबरोबर सगळ्या गावाने बुडी घ्यायची. यंदा मोठे पाहुणे येतायत. नव्या पायऱ्यांवरून तेच पहिलं पाऊल पाण्यात टाकणार."

"पहिलं आणि शेवटचं," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. धर्मकर्ते हसले नाहीत.

"तीन दिवसांत मगर काढा. नाहीतर आमची पोरं काढतील. पहारी आहेत, मशाली आहेत."

पोरांनी माना हलवल्या. नुसती धमकी नव्हती. मी त्यांचे चेहरे पाहत होतो.

माझी पंचाईत अशी होती: अंडी आहेत हे सांगावं, तर रातोरात कोणी उकरून काढील. न सांगावं, तर न पकडण्याचं कारण काय देऊ? मी सरकारी माणसाला शोभेल असं केलं. म्हटलं, मोठं जाळं मागवलं आहे, येतंय. जाळं आमच्या जीपमध्येच होतं. सेल्वम त्यावर बसला होता.

कचेरीत आलो तर वरच्या साहेबांचा फोन. "राव, अडचण काय आहे? पकडा, सोडा, फोटो पाठवा." मी अंड्यांचं सांगितलं.  मग ते म्हणाले, "अंड्यांचा फोटो नको."

घरी बायकोला सगळं सांगितलं. रमाबाई तवा उतरवत म्हणाल्या, "जाळें येत नाहीं म्हणून किती दिवस सांगाल? त्या गांवांत एखादी तरी बाई डोळे उघडे ठेवून हिंडत असेल की."

होती. दुसऱ्या दिवशी बांधाखाली शेळ्या चारत बसलेली. चेल्लम्माळ नाव, वय सत्तरीपुढे, कानांच्या पाळ्या जड कुड्यांनी खांद्याला टेकायला आलेल्या. गेलेली शेळी तिचीच. मी दुर्बीण लावून उभा होतो तर ती मागून म्हणाली:

"जाळं कधी येणार, सार?"

"येतंय, पाट्टी." पाट्टी म्हणजे आजी.

"तुझ्या गाडीतल्या जाळ्यावर तुझा माणूस झोपतो. मी पाहिलं."

मी दुर्बीण खाली घेतली. तीच पुढे म्हणाली, "माझी शेळी तिने खाल्ली नाही. मारली आणि टाकली. भुकेचं जनावर असं करत नाही. शेळी वरती केवड्याजवळ गेली म्हणून मारली. चाळीस वर्षं जनावरं राखते मी. ती बाळंतीण आहे."

"कोणाला बोललीस का?"

"मी कशाला बोलू? ज्यांना डोळे आहेत त्यांनी पाहावं. पंगुनी उत्तिराच्या आठवड्यात ती इथे माती उकरत होती, तेव्हा हे सगळे कमानीला रंग लावत होते."

पंगुनी उत्तिर म्हणजे फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमाराचा सण. मी बोटं मोजली. मगरीच्या अंड्यांना दोन महिने लागतात, थोडं इकडेतिकडे. दोन महिने पुरे होत होते ते नेमके विशाखाच्या आसपास! मी पुन्हा मोजलं. तेच आलं. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. वयाचा आणि गणवेशाचा विचार करून मारली नाही.

"पाट्टी, पंधरा दिवस मिळाले तर ती आपणहून पिल्लं घेऊन जाईल. पण गाव ऐकायचं नाही."

"तू खोटं बोलल्यावर कसं ऐकेल?" ती म्हणाली. "आज संध्याकाळी खरं सांग. मी येते."

संध्याकाळी पुन्हा मंडप. मी उभा राहून सगळं सांगितलं. जाळ्याचं खोटं, अंड्यांचं खरं, आणि जी गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती तीही. फोडलेल्या अंड्यांत काय होतं, ते.  पोरं खाली बघत होती. एक म्हणाला, "पण सार, आमचं पोरगं पाण्यात गेलं तर?" प्रश्न रास्त होता. 

तेव्हा चेल्लम्माळ उठली. "शेळी कोणाची गेली? माझी. मग आधी मी बोलणार. बाळंतिणीला घरातून काढतात का या गावात? सुनेला काढलंत कोणी? शेजारणीला? कोणी काढली असेल तर सांगा, मी त्याच्या घरचं पाणी पिणार नाही."

बायकांच्या बाजूने गलका उठला. धर्मकर्ते म्हणाले, "अम्मा, तीर्थवारी कुठे करायची मग? विहिरीत?"

आतापर्यंत पुजारी गुरुक्कळ खांबाला टेकून विभूती चोळत बसले होते. ते हळूच म्हणाले, "घटात."

"काय?"

"तळ्याचं पाणी घटात घ्यायचं, सर्व तीर्थांचं आवाहन करायचं, त्रिशूळ त्यात बुडवायचं. ते पाणी सगळ्यांवर शिंपडायचं. गोपुराची दुरुस्ती असते तेव्हा साक्षात देव वर्षवर्ष घटात राहतो. तळं आठ दिवस राहील की. दुष्काळात तळं कोरडं पडलं होतं तेव्हा माझ्या वडिलांनी असंच केलं. तेव्हा फोटो काढणारं कोणी नव्हतं म्हणून तुम्हांला आठवत नाही."

धर्मकर्त्यांनी बाहेर कमानीकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज लहान झाला. "पाहुण्यांना मी पायऱ्यांसाठी बोलावलं आहे."

"पायऱ्या आहेतच," मी म्हणालो. "बांबूचा कठडा बांधू. पाहुणे वरच्या पायरीवर उभे राहतील, ती समोरच्या कोपऱ्यात राहील. मध्ये सगळं तळं."

"आणि काही झालं तर?"

मी वही मागवली आणि लिहून दिलं: उत्सवाच्या काळात या मगरीपासून कोणास इजा झाली तर ती जबाबदारी माझी. खाली सही, हुद्दा, तारीख. सेल्वम माझ्या कानाशी लागला, "सार, पेन्शन." मी म्हटलं, माहीत आहे.

ते सहा दिवस मी कधी विसरणार नाही. कठडा बांधला. जी पोरं पहारी घेऊन येणार होती त्यांनाच बांधावर पाळ्या लावल्या. पोराला काम दिलं की तो पहार विसरतो. कुत्री हाकलायची, मुंगूस हाकलायचं, बघ्यांना हाकलायचं. फटाके बंद. सनई-चौघड्याऐवजी इथे नादस्वरम् आणि तविल वाजतं. त्यांना म्हटलं देवळाच्या आत वाजवा. चेल्लम्माळ शेळ्या घेऊन खाली बसे आणि पोरांना टोमणे मारी. "काय रे, तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला एवढा जागला होतास?"

विशाखाची सकाळ. सातला पाहुणे येणार होते. साडेआठ वाजले. हार सुकले. पायऱ्यांवर सगळं गाव उभं. गुरुक्कळ त्रिशूळ घेऊन, पुढे घट. एका तबकात जरीकाठाची शाल, 'पोन्नाडै', जी इथे कोणाच्याही खांद्यावर कशाहीसाठी पडते. कोणीतरी पाहुण्यांच्या चित्रफितीसाठी ड्रोन आणला होता, तो मी काढून घेऊन जीपमध्ये कुलूपबंद केला. त्यावरून वाद चालू होता, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पोराने हात वर केला.

आम्ही सगळे गप्प झालो. तळ्यापलीकडून, मातीच्या आतून, आवाज येत होता.

उंक्. उंक् उंक्.

 मी कठड्याचा बांबू धरला. ती मगर उठली, उंचवट्यावर आडवी झाली, कान लावल्यासारखं डोकं टेकलं आणि मग पुढच्या पायांनी उकरायला लागली. माती उडत होती. थांबे, ऐके, पुन्हा उकरी. आणि तिने तोंड खाली घातलं. वर काढलं तेव्हा दातांच्या मधून एक बोटभर शेपूट वळवळत होतं.

"खाल्लं!" बायकांत किंकाळी उठली. "आपलंच पिल्लू खाल्लं!"

चार पोरांनी दगड उचलले. धर्मकर्ते ओरडले, "हाकला तिला, हाकला!" मी हात पसरून कठड्यापुढे उभा राहिलो, पण माझं ओरडणं त्या गोंधळात कुठे पोचणार? पोचला तो चेल्लम्माळचा आवाज.

"टाका रे दगड खाली! मांजर पिल्लू कशी नेते, पाहिलं नाही कधी? गळा बघा तिचा! गिळते का? हलतोय का गळा?"

गळा हलत नव्हता. ती पाण्यापर्यंत आली, जबडा पाण्यात टेकला, उघडला, आणि ते पिल्लू पोहत बाहेर आलं. काळंपिवळं, वीतभर, उंक् उंक् करत. ती वळून परत वर निघाली.

दगड खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. मग कुठून तरी एक बारीक आवाज आला, "ओण्णु." एक. ती पुन्हा आली. "रेंडु," दहाबारा जण म्हणाले. दोन. तिसऱ्याला सगळ्या पायऱ्या म्हणाल्या, "मूणु!" आणि मग जे सुरू झालं ते मी कुठल्या उत्सवात पाहिलं नाही. अख्खं गाव एका सुरात मोजत होतं. गुरुक्कळ त्रिशूळ खांद्याला टेकून मोजत होते. आतले नादस्वरमवाले वाद्यं टाकून बाहेर आले आणि मोजू लागले. काही पिल्लं स्वतःच घसरत पाण्यात आली. ती मोजणीत धरायची की नाही यावर भांडणं झाली.

याच वेळी पाहुणे आले. सहा गाड्या, भोंगे, सगळं. कोणी मान वळवली नाही. धर्मकर्त्यांनीही नाही. पाहुणे कमानीखाली उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढच्या म्हातारीला विचारलं, "अम्मा, काय चाललंय?"

"गप्प!" चेल्लम्माळ मागे न बघता म्हणाली. "सोळा झाले."

मोठा माणूस टाचा उंचावून बघू लागला.

वीस झाले आणि एक पिल्लू भलतीकडे निघालं. तळं ओलांडून सरळ आमच्या पायऱ्यांकडे. खालच्या पायरीच्या फटीत शिरलं आणि ओरडायला लागलं. आई पाण्यातच होती. तिचं डोकं वळलं. मग पाण्यावर फक्त डोळे आणि त्यांच्यामागे एक रेघ, आणि ती रेघ आमच्याकडे यायला लागली. कठडा म्हणजे सुतळीने बांधलेले बांबू. मागे तीनशे माणसं, पुढे ती, आणि माझी सही.

मी विचार केला असं म्हणणार नाही. समोर तबक होतं, त्यातली शाल उचलली, कठड्याखालून गेलो, सात पायऱ्या उतरलो. पिल्लू शालीत घेतलं. त्याने माझं बोट चावलं. पाणी घोट्यापर्यंत. ती आठ फुटांवर थांबली होती. तोंड थोडं उघडं. मी खाली वाकलो आणि शाल पाण्यात उघडली. पिल्लू निघेना! जरीत त्याची नखं अडकली होती. मी तिच्यावर एक डोळा ठेवून एकेक सोडवत होतो. शेवटचं नख सुटलं. पिल्लू तिच्याकडे गेलं. ती तशीच बघत राहिली. मी पाठ न फिरवता एकेक पायरी वर आलो. सातव्या पायरीवर सेल्वमने माझी कॉलर धरून मला कठड्याआड ओढलं आणि नोकरीत पहिल्यांदा मला एक शिवी दिली.

"इरुवत्ति ओण्णु," पायऱ्या कुजबुजल्या. एकवीस.

ती परत बांधावर गेली. उकरलं, शोधलं. शेवटी तोंडात घेऊन आली ते पिल्लू नव्हतं. अंडं होतं, न फुटलेलं. तिने ते जिभेवर घेतलं, टाळूवर दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. ज्या जबड्याने शेळीची मान मोडली होती तो इतका हळू मिटत होता की माझ्या शेजारचे धर्मकर्ते श्वास धरून स्वतःचे ओठ मिटत होते. काही झालं नाही. तिने पुन्हा फिरवलं. कोणीतरी रडत होतं, बहुधा मीच. मग बारीकसा आवाज, पापड मोडल्यासारखा, आणि तिच्या दातांवरून एक इवलं डोकं बाहेर आलं.

"इरुवत्ति रेंडु!" हे ओरडले ते पाहुणे. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, दोन्ही हात वर करून.

गाव इतकं ओरडलं की बगळे उडाले. भाषण राहिलं, पडदा राहिला. घटातलं तीर्थ गुरुक्कळांनी आधी तळ्याच्या दिशेने शिंपडलं आणि मग माणसांवर. धर्मकर्ते माझ्याजवळ आले. मला वाटलं शालीचं विचारतील. ते म्हणाले, "राव सार, पश्चिमेच्या पायऱ्यांचाही दगड मागवला होता मी. तो कोपरा राहू दे तसाच."

चेल्लम्माळ तोवर खाली उतरली होती. तिने शेळ्या गोळा केल्या, एकेकीच्या मानेत दोरी घालायला लागली. मी म्हटलं, "पाट्टी, बघायला थांबत नाहीस?"

"काय बघू? गावात बावीस तोंडं वाढली, सार. आजपासून माझ्या शेळ्या घरी बांधायच्या आणि पाला मला वाहून आणायचा." दोरीला गाठ मारून तिने पाण्याकडे एकदा पाहिलं आणि शेळ्यांना हाकलत निघाली.